पपायरसचा लगदा

त्या महिन्यात आमच्या फ्रिजवर दोन तारखा चिकटवलेल्या होत्या. एक बाबांच्या पुण्याच्या तिकिटाची, शनिवारची. दुसरी माझ्या मुलीने शाळेत पपायरस नेऊन द्यायची, त्यानंतर नऊ दिवसांनी येणाऱ्या सोमवारची. दुसऱ्या तारखेबद्दल घरात सकाळ-संध्याकाळ चर्चा चालायची. पहिलीबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

आई गेल्यानंतर बाबा महिनाभरासाठी म्हणून आमच्याकडे सिंगापुरात, सेंगकांगला आले आणि आठ महिने राहिले. राहिले ते पाहुण्यासारखे. सकाळी उठल्यावर अंथरुणाची घडी, तीही कोपऱ्याला कोपरा जुळवून. चहा पिऊन झाला की कप विसळून पालथा. दुसरी पोळी वाढायला गेलं की ताटावर आडवा हात. माझ्या नवऱ्याला ते "जावईबापू" म्हणत आणि टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात दिल्याशिवाय सोफ्यावर बसत नसत. मग नवरा त्यांच्यासाठी मराठी बातम्या लावायचा. त्याला त्या आवडत नाहीत. बाबांनाही आवडत नव्हत्या, हे पुढे कळलं. असे ते दोघे रोज संध्याकाळी तासभर एकमेकांचा मान राखत बसायचे.

मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारी माणसं आमच्या घराण्यात होऊन गेली. नातवंड झालं की हे बंधन सुटतं म्हणतात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे बंधन सुटूनही अकरा वर्षं झाली होती, पण बाबांना ते कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

त्यांचा लाँग टर्म व्हिजिट पास महिनाअखेर संपत होता. वाढवून घ्यायला फक्त त्यांचा होकार हवा होता. तो त्यांनी दिला नाही. पुण्यातल्या भाच्याला फोन करून परस्पर तिकीट काढवलं आणि एकदा जेवताना मला सांगितलं. भाजी चांगली झाली आहे, हे त्याच्या आधीचं वाक्य होतं.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं, बाबा," मी म्हणाले.

हे वाक्य मी त्या आठ महिन्यांत फार वेळा म्हटलं. मी एका बँकेत कंप्लायन्सचं काम करते. लोकांनी काय करावं आणि काय करू नये हे लिहायचं, पण कुणावर काही लादतोय असं वाटू द्यायचं नाही, यात माझी चौदा वर्षं गेली आहेत. मनातून मात्र मला भीती वाटत होती. पुण्यातला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी बाबा बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि तासभर तिथेच पडून राहिले. हे मला त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. मला कळलं आहे हे मीही त्यांना सांगितलं नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, त्याचा मान ठेवायला हवा. पण मला ते इथे हवे होते. हे मी नवऱ्याला सांगायचे, ऑफिसमधल्या मैत्रिणीला सांगायचे, एलआरटीच्या गाडीत उभी असताना मनातल्या मनात स्वतःला सांगायचे. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सोडून सगळ्यांना सांगून झालं होतं.

पपायरसचं असं झालं की मुलीच्या वर्गात "लोक पूर्वी कशावर लिहायचे" असा प्रकल्प होता. चार-चार मुलांचे गट पाडले होते. एका गटाकडे मातीच्या पाट्या आल्या. ती मुलं दुपारभरात मोकळी झाली. एका गटाकडे चीनचा कागद आला. आमच्या मुलीच्या गटाकडे इजिप्त आलं, आणि बाकीचे तिघे पुठ्ठ्याचा पिरॅमिड करू म्हणत असताना हिने शिक्षिकेला सांगून टाकलं की मी खरा पपायरस करून आणेन.

बाबा चौतीस वर्षं पुण्यात हातकागदाच्या कारखान्यात होते. चिंध्यांचा लगदा करायचा आणि चाळणीवर एकेक ताव उचलायचा, हे त्यांचं काम. लग्नपत्रिका आली की ते मजकूर वाचायच्या आधी तिचा कोपरा दुमडून बघतात आणि मुलीकडचे लोक कसे आहेत ते सांगतात. मुलीने जेवणाच्या टेबलावर पपायरसची घोषणा केली तेव्हा त्यांनी ताटातून मान वर केली.

"पपायरस म्हणजे कागद नव्हे," ते म्हणाले.

आठ महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं मत होतं. नवऱ्याने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

मुलगी तयारीत होती. तिने टॅबलेटवरून वाचून दाखवलं. ही लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती. नाईलकाठच्या दलदलीत माणसाच्या दुप्पट उंच वाढायची. दांडा तिकोनी. वरची हिरवी साल सोलून आतला पांढरा गर पातळ पट्ट्यांत कापायचा. पट्ट्या भिजवायच्या, शेजारी शेजारी मांडायच्या, त्यावर दुसरा थर आडवा मांडायचा. मग ठोकायचं, दाबून ठेवायचं, वाळवायचं आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. वेगळा डिंक लागत नाही, गराचा स्वतःचा चीक असतो. ताव तयार झाले की एकाला एक चिकटवून त्याची गुंडाळी करायची. बाकीचं झाडही वाया जायचं नाही, त्याच्या दोऱ्या व्हायच्या, चटया व्हायच्या, चपला आणि होड्यासुद्धा व्हायच्या.

"मग ही पण चटईच," बाबा म्हणाले. "कागदात आधी मोडावं लागतं. तंतू सुटा झाला पाहिजे, पाण्यात तरंगला पाहिजे, मग तो चाळणीवर बसतो. या लोकांनी काही मोडलंच नाही. नुसतं एकावर एक ठेवलं."

"पण आजोबा, थ्री थाउजंड इयर्स चाललं."

"बरं," बाबा म्हणाले आणि आपलं ताट उचलून विसळायला गेले.

पपायरस सिंगापुरात दुर्मीळ नाही. आमच्या जवळच्या पार्कातल्या तळ्यात तो भरघोस आहे. त्याच्या शेजारी काय काय करू नये याची पाटीही आहे. नवरा ती पाटी पूर्ण वाचून म्हणाला, "बघायला पण लांबूनच बघा." नर्सरीतून एक कुंडी आणली, तिचे दांडे पेन्सिलीएवढे निघाले. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, शोभेचं तळं आहे आणि एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी माळी तिथली छाटणी करतो, असं कळलं. मी कॉन्डोच्या मॅनेजमेंट ऑफिसला ईमेल केली की आम्हाला तुमचा कचरा न्यायचा आहे. त्यावर तीन उत्तरं आली. कशासाठी, किती, आणि नेताना कुणाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची. मला ते लोक आवडले. मीही हेच विचारलं असतं.

चौदा दांडे मिळाले. एमआरटीत एवढी लांब वस्तू नेऊ देतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मी कॉन्डोच्या कचराघरात उभी राहून भाजीच्या सुरीने त्यांचे तीन-तीन तुकडे केले. अंगात ऑफिसचे कपडे होते. ट्रेनमध्ये एका बाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, लेमनग्रास का. मी हो म्हणाले, कारण पुढचं स्टेशन माझं होतं.

दोन दिवसांनी, शनिवारी, मुलीने आणि मी साल सोलली, पट्ट्या काढल्या. पहिल्या काही पट्ट्या भजीच्या बटाट्याएवढ्या जाड झाल्या. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून बघत होते. त्यांचे हात शिवशिवत असणार, पण पाहुणा सांगितल्याशिवाय कामात हात घालत नाही, आणि आम्हीही पाहुण्याला काम सांगत नाही. मुलगी तान्ही असतानाचा तिचा टब अजून घरात होता. त्यात पट्ट्या भिजत घातल्या आणि टब वॉशिंग मशीनजवळ ठेवला. पाच दिवस ठेवायचा होता. दिवसभर घरी फक्त बाबा असणार, म्हणून मुलीने त्यांना टबापाशी नेऊन उभं केलं.

"आजोबा, दिवसातून एकदा वॉटर चेंज करायचं. ओन्ली दॅट. बाकी काही नाही, ओके?"

"ओके," बाबा म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले तर लिफ्टपासूनच उकडलेल्या गवताचा वास येत होता. ओट्यावर मोठा कुकर होता. त्याच्या शेजारी धुण्याच्या सोड्याचं पाकीट, पिठाची चाळणी आणि उघडा पडलेला मिक्सर. हॉलच्या खिडकीच्या काचेवर पोळीएवढे चार गोल पांढरे कागद चिकटवलेले होते. त्यांच्यासमोर बाबा पाठीमागे हात बांधून उभे होते.

आठ महिन्यांत जो माणूस दिवसाकाठी वीस वाक्यं बोलत नव्हता तो सलग दहा मिनिटं बोलला. तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना पट्टी बोटात धरली आणि कळलं, माल तयार आहे. आणखी ठेवला असता तर कुजला असता. सोडा घालून कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या. मिक्सरमधून थोडा थोडा काढला. टबात सोडून चाळणीने उचलला. काचेवर थापला की वाळल्यावर आपोआप गुळगुळीत होतो, इस्त्री लागत नाही. "तंतू बघ किती लांब आहे," असं म्हणत त्यांनी एक कागद सोडवून उजेडात धरला, आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर कागद होता. "मिक्सरच्या मोटरला मात्र जरा वास आला," ते म्हणाले.

"असू दे, बाबा. जुनाच होता." मिक्सर मागच्या दिवाळीत घेतला होता. "छान झालाय कागद."

त्यांनी काय करून ठेवलं आहे हे मला दिसत होतं. पण आई गेल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता, आणि शिवाय छान म्हणायची मला सवय लागली होती.

सात वाजता मुलगी शाळेतून बॅडमिंटन खेळून आली. दप्तर पाठीवर तसंच ठेवून खिडकीपाशी गेली.

"हे काय आहे?"

"कागद," बाबा म्हणाले. "तुझ्या पपायरसचा."

"आणि माझ्या स्ट्रिप्स?"

"त्याचाच हा."

तिने टबात जाऊन पाहिलं, मिक्सरमध्ये पाहिलं आणि परत आली.

"मी सांगितलं होतं ना, ओन्ली वॉटर. तुम्ही माझं सगळं कुक केलं? आजोबा, इजिप्शियन लोकांना पेपर माहीतच नव्हता. दॅट इज द होल पॉइंट. हा चायना ग्रुपचा टॉपिक आहे. तुम्ही चायना ग्रुपचा प्रोजेक्ट केला." इथे तिला रडू फुटलं. "तुम्ही ऐकतच नाही. सगळं तुम्हालाच माहीत असतं."

आमच्या घरात बाबांशी या आवाजात कोणी बोललं नव्हतं. "आजोबांशी असं बोलतात? आधी सॉरी म्हण," मी म्हणाले.

"नाही म्हणणार."

"कशाला म्हणेल?" बाबा म्हणाले. "तिने पाणी बदलायला सांगितलं होतं, मी नको ते केलं. तिचं बरोबर आहे." मग तिला म्हणाले, "पुढची छाटणी कधी?"

"नेक्स्ट वीक थर्सडे. आणि त्याच सॅटरडेला तुम्ही जाणार. मग हू विल डू? माझं सगळं स्पॉइल करायचं आणि मग पळून जायचं."

तिचं तोंड दाबावं असं मला वाटलं. तेवढ्यात नवरा ऑफिसातून आला. त्याने एक बूट काढला होता.

"जावईबापू, तिकीट पुढे ढकलता येतं का हो?" बाबांनी विचारलं.

बरोबर उत्तर काय आहे ते कळावं म्हणून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतं, बाबा."

ते दोन आठवड्यांनंतरच्या रविवारवर गेलं. पपायरसचा सोमवार आता त्याच्या आधी येत होता. मी फ्रिजवरची तारीख बदलली. त्या रात्री जेवताना बाबांनी तीन पोळ्या खाल्ल्या, तिसरी स्वतः मागून घेतली. कागद करायला मेहनत लागते, असा मी त्याचा अर्थ लावला.

दुसऱ्या वेळी दांडे आणायला बाबा स्वतः आले. माळ्याशी त्यांची भाषा जुळत नव्हती, तरी बुंध्याकडचे जाड दांडे कुठले हे त्या दोघांनी बोटांनी ठरवलं. घरी आल्यावर सूत्रं मुलीच्या हातात होती. बाबा तिच्या हाताखाली बसले. सुरीला त्यांनीच धार लावली, पण पट्टी किती जाड हे ती ठरवायची, आणि या वेळी भिजत तीनच दिवस ठेवायचं हेही तिनेच ठरवलं. "टू थिक, आजोबा." "परत करा." "ओव्हरलॅप ठेवा थोडा, मघाशी सांगितलं ना." चौतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस "हो, हो" म्हणत पट्टी सरकवत होता. मी मधेमधे "हळू बोल गं" म्हणायचे. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे लक्ष देत नव्हतं.

मला आठवत होतं, आई त्यांना दिवसभर रागवायची. ओला टॉवेल पलंगावर, चष्मा बेसिनवर, दूध उतू, भाजी नासकी. ते उत्तर द्यायचे नाहीत, ते पुढची चूक करायचे. शेहेचाळीस वर्षं घर या आवाजावर चाललं. आई गेल्यानंतर मी आणि नवऱ्याने ठरवून टाकलं होतं की बाबांना एका शब्दाने दुखवायचं नाही, आणि आम्ही ते तंतोतंत पाळत होतो.

उभा थर झाला, त्यावर आडवा झाला. मग ठोकायचं होतं. बाबांनी पट्ट्यांवर सुती कापड घातलं आणि लाटण्याने ठोकायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई वर आल्या. त्यांना वाटलं आम्ही फरशी फोडतोय. मुलीने त्यांना आत नेऊन सगळं दाखवलं. त्या पाहून गेल्या आणि आम्हाला वाटलं की तक्रार येणार.

ठोकून झाल्यावर दोन पाटांमध्ये ताव ठेवून त्यावर नवऱ्याचे डंबेल रचले. ते घेतल्यापासून पहिल्यांदाच उपयोगी पडले. दुसऱ्या दिवशी कापड बदलताना एका कोपऱ्यावर राखाडी ठिपके दिसले. बुरशी. इजिप्तच्या कोरड्या हवेत हे ताव हजारो वर्षं टिकले. आमच्या हवेत चामड्याचा पट्टा कपाटात महिनाभर टिकत नाही. ही संस्कृती इथे सुरू झाली असती तर पहिल्या आठवड्यात बुरसली असती. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमक्या त्याच वेळी खालच्या आजीबाई पुन्हा वर आल्या. त्यांच्या हातात हवेतला ओलावा शोषून घ्यायचं मशीन होतं. त्यांच्या कपाटात ते बारा महिने चालतं. "लेंड यू. बट नो मोअर बँगिंग आफ्टर डिनर, हां," त्या म्हणाल्या. बाबांनी मशीनला आणि आजीबाईंना नमस्कार केला. ठिपके पडलेला कोपरा त्यांनी कात्रीने काढून टाकला, आणि ताव मशीनसकट माझ्या कपाटात गेला. माझे ऑफिसचे कपडे आठवडाभर सोफ्यावर होते.

त्या आठवड्यात दोनदा बाबांचा चहाचा कप सिंकमध्ये तसाच पडलेला मिळाला. मी तो विसळून पालथा ठेवला.

ताव वाळला. रंग फिका पिवळसर, उजेडात धरला की उभ्या-आडव्या रेघा दिसायच्या. बाबांनी चिनी मातीच्या सूपच्या चमच्याची पाठ घेऊन तो अर्धा तास घोटला. मग त्यांनी कोपरा दुमडून बघायला बोटं पुढे केली आणि मुलीने त्यांच्या हातावर चापट मारली.

"ब्रेक होईल."

"बरं."

शाईसाठी निरांजनावर ताटली धरून काजळी काढली आणि डिंकाच्या पाण्यात कालवली. बाबा एका काडीला तासून बोरू करायला बसले. मुलीने तेही थांबवलं. टोक तासून मधे चीर दिलेला बोरू नंतर ग्रीक लोकांनी आणला, इजिप्तचे लेखनिक काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करत. मग बाबा सातेची, म्हणजे इथल्या कबाबची, एक काडी दाढेखाली धरून सोफ्यावर बसले. समोर बातम्या चालू होत्या. "हे बंद करा हो जावईबापू," ते काडी न काढता म्हणाले, "रोज काय तेच तेच." नवऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता टीव्ही बंद केला.

लिहायचं काय, हा प्रश्न होता. मला वाटलं होतं राजाराणी, देव, मेलेल्या माणसाबरोबर ठेवायच्या पोथ्या. मुलगी म्हणाली, तसलं असायचंच, पण साध्यासुध्या गोष्टीही खूप असायच्या. याद्या, पत्रं, कोणी कोणाचं गाढव नेलं, कोणाविरुद्ध काय तक्रार आहे. नको झालेला मजकूर ओल्या फडक्याने पुसून त्यावर पुन्हा लिहायचे. पुढे पुढे तर जुने ताव एकावर एक चिकटवून ममीचं आवरण करायचे.

"म्हणजे रद्दी तेव्हाही होती," बाबा समाधानाने म्हणाले.

तिने तक्रार लिहायचं ठरवलं. वरती चार चित्रलिपीतली चिन्हं, खाली इंग्रजी. तक्रार राजाच्या मंत्र्याकडे होती आणि आजोबांविरुद्ध होती. आजोबांना फक्त पाणी बदलायला सांगितलं असताना त्यांनी माझे सगळे लव्हाळे उकळले. तरी त्यांच्याकडून नवीन ताव करून घ्यावा. आणि यापुढे त्यांना मला विचारल्याशिवाय कुठेही जाऊ देऊ नये.

बाबांनी ती चष्मा लावून वाचली. काजळीत अंगठा बुडवून खाली ठसा उमटवला आणि म्हणाले, "मान्य." मी कपाटातले कपडे लावायचं निमित्त काढून आत गेले आणि तिथे थोडा वेळ उभी राहिले. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने जे लेखी देऊन टाकलं होतं ते मला आठ महिन्यांत तोंडी जमलं नव्हतं.

सोमवारी ताव शाळेत गेला. शिक्षिकेने तो काचेच्या कपाटात लावला आणि तुझे आजोबा खरंच असे आहेत का, असं विचारलं. मुलीने हो सांगितलं.

बुधवार आला. रविवारचं तिकीट होतंच. मी चहा टाकला होता. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वेब चेक-इन कधी सुरू होतं?"

"शुक्रवारी," मी म्हणाले. "तुम्हाला खिडकी हवी की कडेची सीट?"

"कुठलीही चालेल. तुझ्या सोयीने कर."

मी गॅस बंद केला. चहा अजून उकळला नव्हता.

"माझ्या सोयीने?" मी म्हणाले. "माझी सोय बघायची असती तर तिकीट काढण्याआधी मला विचारलं असतंत. बाथरूममध्ये पडलात, तासभर तिथे पडून राहिलात, ते मला शेजारच्या काकूंनी सांगायचं? पोटच्या मुलीला सांगायला लाज वाटली तुम्हाला? इथे पाहुण्यासारखे कप विसळता. कोणी सांगितलंय कप विसळायला? तिसऱ्या मजल्यावर एकटे जाऊन करणार काय आहात? आणि मी इथून रोज फोन लावायचा आणि तुम्ही उचलेपर्यंत किती वेळा वाजला ते मोजत बसायचं? मला नाही जमणार ते. तो नवा मिक्सर जाळलात, दिवाळीत घेतलेला, मी ब्रसुद्धा काढला नाही. आता पुरे. तुम्ही कुठेही जायचं नाही."

हॉलमध्ये नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मग सभ्यपणा म्हणून परत मोठा केला. असं बोलायला मी कधी शिकले नव्हते, पण शब्द शोधावे लागले नाहीत.

बाबांनी ओट्याजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"मिक्सर दिवाळीतला होता?"

"हो."

"मग जुना होता असं का म्हणालीस?"

मी साखरेचा डबा खाली काढला. त्यांनी पुढे होऊन गॅस पुन्हा पेटवला आणि आच बारीक केली.

"तिकीट रद्द कर," ते म्हणाले. "आणि त्या पासाचं काय असतं ते बघ."

चहा उकळायला लागला. मी साखर घातली. घातली होती की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातली.

"आठ महिने एक शब्द बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"ते तर रोजच वाटत होतं. मला वाटलं, मी कधी जातो याची तू वाट बघतेस."